इंटेलवरून आर्मवर: बिल्ड पास झाल्यानंतरचं काम

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुनं बिलिंग सॉफ्टवेअर आहे. मुख्य सेवा जावात, बिलं तयार करणारं इंजिन सी++मध्ये, खाली पोस्टग्रेस डेटाबेस, आणि ग्राहकांची नावं-पत्ते मराठीत. आजवर सगळं इंटेलच्या प्रोसेसरच्या मशीनवर चाललं. क्लाउडचा खर्च कमी करायचा म्हणून वरून ठरलंय की तीन महिन्यांत सगळं आर्म या वेगळ्या रचनेच्या प्रोसेसरच्या मशीनवर न्यायचं. टीमने आठवड्यात बिल्ड काढलं (म्हणजे कोडपासून आर्मवर चालणारा प्रोग्रॅम बांधला), टेस्टही पास झाल्या. मग आता उरलं काय, आणि इंटेलचं बिल्ड कधी बंद करायचं?

उरलं जवळजवळ सगळंच. मी अशी स्थलांतरं वीसेक वर्षं करतोय. पहिलं होतं सोलॅरिसच्या स्पार्क मशीनवरून इंटेल-लिनक्सवर. तेव्हा आकड्याचे बाइट मेमरीत ठेवण्याचा क्रमच उलटा होता, त्यामुळे कोडमध्ये गडबड असली की पहिल्याच दिवशी आकडे भलतेच दिसायचे आणि चूक लगेच पकडीत यायची. इंटेल आणि आर्म यांच्यात तसं होत नाही. दोन्हीकडे बाइटचा क्रम तोच, दोन्ही ६४ बिटचे, लिनक्सही तेच. म्हणून बहुतेक गोष्टी पहिल्याच दिवशी चालतात, आणि जे बिघडलेलं असतं ते महिन्याभराने, रात्रीच्या बॅचमध्ये, एखाद्याच ग्राहकाच्या बिलावर दिसतं. तेव्हा तुमचा वेळ जुन्या कोडने इंटेलच्या कोणत्या सवयी गृहीत धरल्या आहेत ते शोधण्यात घाला. त्यातल्या बऱ्याचशा आर्मचं एकही मशीन न घेता, आजच्या इंटेलवरच सापडतात.

वरच्यांचा निर्णय चुकीचा आहे असं मात्र मला वाटत नाही. ॲमेझॉनच्या क्लाउडचा पहिला आर्म प्रोसेसर, ग्रॅव्हिटॉन, २०१८ मध्ये आला, तो जड कामाला पुरणारा नव्हता. २०१९ च्या डिसेंबरात जाहीर झालेल्या ग्रॅव्हिटॉन२ पासून, म्हणजे ६४ कोअरच्या, एकाच वेळी ६४ कामं करणाऱ्या चिपपासून चित्र पालटलं. पुढे ग्रॅव्हिटॉन३, मग ९६ कोअरचा ग्रॅव्हिटॉन४, मायक्रोसॉफ्टचा कोबाल्ट, गुगलचा ॲक्सिऑन. गुगलने स्वतःची सुमारे ३०,००० ॲप्लिकेशन्स आर्मवरही चालतील अशी केली आहेत. तेव्हा ही वाट मळलेली आहे, तुम्ही पहिले नाही.

आधी एक गोष्ट टीमला विचारा: टेस्ट पास झाल्या त्या कुठे चालवून? इंटेलच्या बिल्ड मशीनवर क्यूईएमयूखाली, म्हणजे आर्म प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, आर्मचं कंटेनर (प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं पॅकेज) चालवलं असेल, तर त्या निकालाला फारसा अर्थ नाही. तिथे सूचना आर्मच्या असल्या तरी मेमरीत लिहिण्या-वाचण्याचा क्रम खालच्या इंटेलचाच असतो, आणि आर्मवर सगळ्यात अवघड जाणाऱ्या चुका नेमक्या त्याच क्रमाच्या असतात. टेस्ट खऱ्या आर्म मशीनवरच चालवायच्या, तेही भरपूर कोअर असलेल्या.

आता यादी. जावाचा कोड कुठेही चालतो हे खरं, पण तुमच्या जारच्या (जावाच्या पॅकेज फाइलच्या) पोटात नेटिव्ह, म्हणजे थेट एका प्रोसेसरसाठी बांधलेल्या, लायब्ररी असतात. स्नॅपी, झेडस्टँडर्ड, एलझेड४, रॉक्सडीबी, नेटी या नेटवर्क लायब्ररीचं टीएलएस (जोडणीचं एन्क्रिप्शन): प्रत्येक जार उघडून आत नावात ‘एआर्च६४’ (६४ बिट आर्मचं नाव) असलेला फोल्डर किंवा फाइल आहे का ते बघा. नसेल आणि लायब्ररी लोड होताना प्रोग्रॅम पडला, तर ते चांगलंच. काही लायब्ररी पडत नाहीत, गुपचूप शुद्ध जावाच्या मार्गाने काम करतात. एलझेड४ तसंच करते. नेटीला नेटिव्ह टीएलएस मिळालं नाही तर तो जावाचं स्वतःचं टीएलएस वापरतो. सगळं चालतं, फक्त हळू, आणि मग मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतं की आर्म हळू आहे. जावा ८ वर असाल तर आधी इंटेलवरच १७ किंवा २१ वर जा, तिथे महिनाभर स्थिरावा आणि मगच प्रोसेसर बदला. लिनक्स-आर्मचा पोर्ट मूळ ओपनजेडीकेत, म्हणजे जावाच्या मुक्त प्रकल्पात, जावा ९ सोबत आला आणि त्यानंतरच्या प्रत्येक आवृत्तीत सुधारत गेला.

त्या यादीत स्वतःच्या कोडपेक्षा दुसऱ्यांचं बायनरी (तयार बांधून मिळालेला प्रोग्रॅम) जास्त महत्त्वाचं. अँटिव्हायरस, बॅकअपचा एजंट, मॉनिटरिंगचा एजंट, बिलांवर डिजिटल सही करणाऱ्या एचएसएमची (सहीच्या चाव्या जपणाऱ्या उपकरणाची) क्लायंट लायब्ररी. माझ्या एका कामात घोडं इथेच अडलं होतं. सहीची लायब्ररी फक्त इंटेलसाठी मिळत होती, पुरवठादार ‘पुढच्या आवृत्तीत’ म्हणत राहिला आणि दोन महिने गेले. शेवटी सहीचं काम वेगळं काढून एका छोट्या इंटेल मशीनवर ठेवलं आणि बाकी सगळं आर्मवर नेलं. ती तडजोड पहिल्याच आठवड्यात करता आली असती. तुम्ही सगळ्या पुरवठादारांना आजच लेखी विचारा, आणि ज्यांचं उत्तर येत नाही त्यांचा तुकडा इंटेलवरच राहील असं धरून आराखडा करा.

स्क्रिप्टही चाळून घ्या. एकाच आर्किटेक्चरला लिनक्सचा कर्नल ‘एआर्च६४’ म्हणतो आणि डेबियन व डॉकर ‘आर्म६४’ म्हणतात, त्यावर डाउनलोडच्या स्क्रिप्ट अडखळतात. प्रॉक-सीपीयूइन्फो या फाइलमधून ‘मॉडेल नेम’ची ओळ वाचून लायसन्स तपासणारा कोड असेल तर तो आर्मवर रिकाम्या हाताने परततो, कारण ती ओळ तिथे नसतेच. ही कामं किरकोळ आहेत, दिवसा-दोन दिवसांत उरकतात.

सी++च्या इंजिनाबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण तुमची नावं मराठीत आहेत.

सी आणि सी++मधला एका बाइटचा कॅरेक्टर टाइप चिन्हाचा (ऋण आकडेही धरणारा) असावा की बिनचिन्हाचा, हे भाषेने ठरवलेलं नाही, ते प्लॅटफॉर्मवर सोडलंय. इंटेल-लिनक्सवर तो −१२८ ते १२७, आर्म-लिनक्सवर ० ते २५५. आता ‘म’ हे अक्षर घ्या. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत त्याचे तीन बाइट होतात: २२४, १६४, १७४. इंटेलवर हेच तीन बाइट −३२, −९२, −८२ असे वाचले जातात. देवनागरीचा प्रत्येक बाइट १२७ च्या वर असतो, म्हणजे इंटेलवर प्रत्येक बाइट ऋण. त्यामुळे जुन्या कोडमध्ये ‘हा बाइट शून्यापेक्षा लहान आहे का’ एवढी एकच तपासणी करून ‘हे इंग्रजी नव्हे’ असं ठरवण्याची पद्धत सर्रास दिसते.

मी पाहिलेल्या एका इंजिनात बिलावर नावाला ६० बाइटची जागा होती. नाव लांब असेल तर कोड साठाव्या बाइटपाशी बघायचा. तो ऋण असेल तर मागे सरकत आधीच्या रिकाम्या जागेपर्यंत यायचं आणि तिथे कापायचं. इंटेलवर हे वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललं. आर्मवर एकही बाइट ऋण नाही, त्यामुळे नाव बरोबर ६० बाइटवर तुटू लागलं. गंमत वाटावी असा भाग पुढेच आहे, पण आम्हाला तो फार महागात पडला. नावात एकही रिकामी जागा नसेल तर ६० बाइटमध्ये बरोबर २० कोडपॉइंट (तीन-तीन बाइटची अक्षरं-चिन्हं) बसतात, तुकडा स्वच्छ पडतो. एक किंवा दोन रिकाम्या जागा असल्या की हिशेब तीनच्या पटीतून सरकतो आणि अक्षर मधोमध तुटतं. तीन जागा असल्या की पुन्हा नीट. म्हणजे काही नावं ठीक, काहींच्या शेवटी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह, आणि टेस्टमधली सगळी नावं इंग्रजी, म्हणून टेस्ट हिरव्या. छापून गेलेली बिलं परत बोलवावी लागली. लोकांना स्वतःचं नाव तुटलेलं आवडत नाही, आणि त्यांचं बरोबरच आहे.

यावर उपाय साधा आहे. जीसीसी कंपायलरला ‘साइन्ड चार’चा फ्लॅग देऊन आर्मवरही इंटेलसारखंच वागायला सांगता येतं. तो पहिल्या दिवशी लावा, पण त्यावर विसंबून राहू नका. ‘टाइप लिमिट्स’ची वॉर्निंग चालू करून, तो फ्लॅग न लावता आर्मवर एकदा कंपाइल करा. ‘ही तुलना कधीच खरी होणार नाही’ किंवा ‘नेहमीच खरी होईल’ असं कंपायलर जिथे जिथे सांगेल ती प्रत्येक ओळ दुरुस्त करा. फाइलच्या शेवटाची खूण −१ समजून एका बाइटच्या व्हेरिएबलमध्ये वाचणारे लूपही त्यातच सापडतील. आर्मवर ते लूप थांबत नाहीत.

दुसरा भाग मेमरीच्या क्रमाचा. इंटेलवर एका कोअरने आधी बिलाचा डेटा लिहिला आणि मग ‘तयार’चा झेंडा वर केला, तर दुसऱ्या कोअरला ते त्याच क्रमाने दिसतं. आर्म तसं वचन देत नाही. दुसऱ्या कोअरला झेंडा वर दिसू शकतो आणि डेटा मात्र जुनाच. सी++मध्ये असा झेंडा ‘व्होलाटाइल’ (ही किंमत दर वेळी मेमरीतूनच वाच, असा कंपायलरला इशारा) लिहून काम भागवलेला कोड जागोजागी आहे. सी++चं व्होलाटाइल थ्रेडमधल्या (प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या कामांमधल्या) क्रमाची कसलीही हमी देत नाही, इंटेलची शिस्त ती उणीव झाकून ठेवत होती. चार कोअरच्या टेस्ट मशीनवर ही चूक महिनोन्महिने दिसणार नाही. ६४ कोअर आणि महिनाअखेरचा लोड असला की एका बिलावर दुसऱ्याचे युनिट येऊ शकतात. तिथे स्टँडर्ड ॲटॉमिक वापरून रिलीज आणि ॲक्वायर (‘आधीचं लिहून झालं’ आणि ‘ते दिसल्यावरच पुढे वाच’ अशा खुणा) लिहायचं, दुसरा मार्ग नाही.

शोधायचं कसं? थ्रेड सॅनिटायझर, म्हणजे प्रोग्रॅम चालता चालता थ्रेडमधल्या चुका पकडणारं साधन. तो प्रोसेसरचा क्रम बघत नाही, दोन थ्रेडमध्ये नीट समन्वय आहे का ते भाषेच्या नियमांवरून तपासतो. त्यामुळे इंटेल जी शर्यत (दोन थ्रेडचा एकाच डेटावरचा बेबंद वापर) झाकतो ती त्याला इंटेलवरच दिसते. म्हणजे उद्या सकाळी, आजच्याच मशीनवर, इंजिनाचं सॅनिटायझर बिल्ड काढून महिनाअखेरची बॅच त्यातून चालवता येईल. कितीतरी पट हळू चालेल, चालू द्या. जावाच्या बाजूला हे संकट कमी आहे, कारण जावाचं व्होलाटाइल खरी हमी देतं. पण व्होलाटाइल न लिहिता केलेलं दुहेरी तपासणीचं लॉकिंग (एखादी वस्तू एकदाच तयार व्हावी म्हणून लॉकच्या आधी आणि नंतर तपासणं) कोडमध्ये शोधा. प्रत्येक जुन्या जावा प्रकल्पात एखादं तरी मला सापडलंच आहे.

तिसरं, पैसे. पैशाचा हिशेब डबलमध्ये (दशांश आकडा अंदाजे साठवणाऱ्या टाइपमध्ये) करू नये हे सगळ्यांना माहीत असतं, तरी जुन्या इंजिनात तो डबलमध्येच असतो. आर्मवर गुणाकार आणि बेरीज एकाच सूचनेत करण्याची सोय सुरुवातीपासूनच असल्यामुळे जीसीसी तिथे दोन्ही क्रिया एकत्र करतो, आणि मधलं राउंडिंग गळतं. इंटेलच्या साध्या बिल्डमध्ये ती सूचना वापरली जात नाही. उत्तर शेवटच्या कुठल्यातरी अंकात बदलतं. बरोबर अर्ध्या पैशाच्या सीमेवर असलेलं बिल एक पैसा इकडे किंवा तिकडे जातं आणि ताळेबंद जुळत नाही. कंपायलरचं ‘एफपी-कॉन्ट्रॅक्ट’ ऑफ केलं की हा फरक जातो. जागा सापडल्या की पुढे हिशेब पूर्णांकात, पैशांतच करा. आणखी एक: मर्यादेबाहेरचा दशांश आकडा पूर्णांकात बदलताना इंटेल सगळ्यात लहान ऋण संख्या देतो, आर्म मर्यादेच्या टोकाशी थांबतो. ‘उत्तर फार मोठं ऋण आलं म्हणजे गडबड आहे’ अशा तपासण्या आर्मवर आंधळ्या होतात.

आता डेटाबेस. सोपा वाटणारा रस्ता असा: आर्मवर पोस्टग्रेसचा फिजिकल स्टँडबाय (मूळ फाइलींची जशीच्या तशी चालती प्रत) उभा करायचा, मूळ डेटाबेसला गाठू द्यायचा आणि एका रात्री प्रमोट, म्हणजे मुख्य, करायचा. तो चालूही होतो, म्हणूनच मोह होतो. पण पोस्टग्रेसच्या मार्गदर्शिकेत दोन्ही बाजूंचं आर्किटेक्चर एकच असावं असं सांगितलेलं आहे, आणि त्यामागचं एक कारण तुम्हाला थेट लागू आहे. ग्राहकाचं नाव अर्धवट टाइप करून शोधता यावं म्हणून तुम्ही पीजी-ट्रायग्रॅमचा इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) लावला असणार. हा इंडेक्स तीन-तीन अक्षरांचे तुकडे क्रमाने लावून साठवतो आणि तो क्रम लावताना वर सांगितलेल्याच एका बाइटच्या टाइपची तुलना करतो. इंग्रजी नावांना फरक पडत नाही. देवनागरीत तुकड्यांचा क्रम दोन मशीनवर वेगळा लागतो. इंटेलवर बांधलेला इंडेक्स आर्मवर वाचला की ‘कुलक’ शोधल्यावर काही कुलकर्णी सापडतात, काही सापडत नाहीत. कुठेही एरर येत नाही. २०२५ मध्ये आलेल्या पोस्टग्रेस १८ पासून हा टाइप चिन्हाचा की बिनचिन्हाचा, ही खूण डेटाबेस स्वतःजवळ नोंदवून ठेवतो. त्याआधीच्या आवृत्तीवर असाल तर आर्मवर ते इंडेक्स नव्याने बांधण्याशिवाय गत्यंतर नाही.

माझा सल्ला सरळ आहे: लॉजिकल रेप्लिकेशनने, म्हणजे फाइलींऐवजी ओळींचे बदल पाठवून, न्या. टेबलं नव्याने भरतात, इंडेक्स तिथेच बांधले जातात. दोन गोष्टी लक्षात ठेवा. टेबलांच्या रचनेतले बदल त्यातून जात नाहीत, म्हणून त्या काळात रचना गोठवा. आणि सीक्वेन्सचे (ओळीने क्रमांक देणाऱ्या मोजणीचे) आकडे पुढे सरकत नाहीत. बिल क्रमांक सीक्वेन्सवरून येत असेल तर स्विच करताना तो हाताने पुढे ढकलावा लागतो, नाहीतर पहिल्याच बिलाला ‘हा क्रमांक आधीच आहे’ म्हणून नकार मिळेल.

आणि प्रोसेसर बदलताना त्याच झटक्यात ओएस बदलू नका. जीलिबसी या लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत अक्षरांचा क्रम लावण्याचे नियम बदलले, त्यामुळे रेड हॅट लिनक्स ७ वरून ८ वर जाताना मजकुरावरचे इंडेक्स बिघडतात. तो वेगळा आजार आहे. दोन्ही एकत्र आले की कोणतं लक्षण कशाचं ते कळेनासं होतं. रेड हॅट ८ ची आर्म आवृत्ती मेमरीचं पान ६४ केबीचं धरते, ९ ची ४ केबीचं. ४ केबी धरून बांधलेला जेमॅलॉक (प्रोग्रॅमला मेमरी वाटून देणारी लायब्ररी) ६४ केबीवर सुरूच होत नाही. शक्य असेल तर इंटेलवरच आधी ९ वर या.

कामगिरीची तुलना बहुतेक ठिकाणी चुकीची केलेली मी बघतो. इंटेलच्या क्लाउड मशीनवर एक व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) म्हणजे सहसा अर्धा कोअर, कारण हायपरथ्रेडिंगमध्ये एक कोअर दोन म्हणून दाखवला जातो. ग्रॅव्हिटॉनवर तो पूर्ण कोअर. इंटेलचं मशीन ५० टक्क्यांवर असतं तेव्हा त्याची खरी ताकद बरीचशी वापरून झालेली असते. म्हणून ४० टक्के लोडवर दोघांचे प्रतिसाद मोजून निर्णय घेऊ नका. लोड वाढवत न्या, जिथे प्रतिसादाची वेळ तुमच्या मर्यादेबाहेर जाते तो आकडा दोन्हीकडे टिपा, आणि दर बिलामागचा खर्च त्यावरून काढा. सी++चं इंजिन जुन्या कंपायलरने बांधलं असेल तर अनेक कोअरवर लॉक हळू पडतात, कारण आर्मच्या नव्या ॲटॉमिक सूचना त्यात वापरल्याच जात नाहीत. जीसीसी १० पासून त्या मशीन बघून आपोआप वापरल्या जातात. तेव्हा कंपायलर १० किंवा त्यापुढचाच घ्या.

‘मार्च=नेटिव्ह’ (‘या मशीनला येणाऱ्या सगळ्या सूचना वापर’) हा फ्लॅग बिल्डमध्ये कुठेही राहू देऊ नका. ग्रॅव्हिटॉन३ वर तसं बांधलेलं बायनरी ग्रॅव्हिटॉन२ वर गेलं की बेकायदा सूचना म्हणून पडू शकतं, कारण तीनवरच्या व्हेक्टर सूचना दोनवर नाहीत. नेहमीच्या दिवशी हे कळणार नाही. मुख्य मशीन मुंबईत, डीआर (आपत्तीत कामी येणारी पर्यायी यंत्रणा) दुसऱ्या रीजनमध्ये आणि तिथे जुन्या पिढीची मशीन असतील, तर ते कळेल डीआरच्याच दिवशी. म्हणून डीआर ड्रिल आर्मवर पुन्हा पूर्ण करा, मागच्या वर्षीचा अहवाल चालणार नाही.

स्विच एका रात्रीत करू नका. जावाच्या सेवा लोड बॅलन्सरमागे (मशीनमध्ये काम वाटणाऱ्या यंत्रणेमागे) मिसळून चालवा, आधी एकच आर्म मशीन, मग हळूहळू जास्त. कंटेनरची इमेज दोन्ही आर्किटेक्चरची एकाच टॅगखाली ठेवा, म्हणजे मागे फिरणं हा नुसता मशीनचा प्रकार बदलण्याचा प्रश्न उरतो. इंजिनासाठी वेगळी पद्धत हवी. मागच्या वर्षभराचं इनपुट दोन्हीकडे चालवा आणि निकाल ओळीओळीने जुळवा. पीडीएफ जुळवायला जाऊ नका, त्यात वेळेचे शिक्के असतात. पीडीएफ होण्याआधीचा मजकूर आणि आकडे जुळवा. जुळणीच्या नमुन्यात लांब नावं, जोडाक्षरं, मागच्या थकबाकीची बिलं, शून्य युनिटची बिलं आणि परताव्याची ऋण बिलं मुद्दाम भरा.

तीन महिने जावाला आणि डेटाबेसला पुरतील. सी++च्या इंजिनाला त्या तारखेत बांधू नका. सॅनिटायझरने किती ठिकाणं दाखवली ते पाहून त्याची तारीख ठरवा, आणि तोवर इंजिन इंटेलवर राहिलं तरी बचतीतला मोठा वाटा जावाच्या मशीनवर मिळालेला असेल.

इंटेलचं बिल्ड बंद कधी करायचं, तर आर्मवर एक ३१ मार्च आणि एक डीआर ड्रिल पार पडल्यावर. तोवर कोडमधल्या प्रत्येक बदलाला (कमिटला) दोन्ही बिल्ड, दोन्हीकडच्या टेस्ट, आणि रात्री दोन्ही इंजिनांच्या बिलांची जुळणी. फरक एका पैशाचा जरी निघाला, तरी सकाळी आल्यावर पहिलं काम तेच.